लेझरसाठी घरगुती चष्मा: जिलेटीन, केशरी ॲक्रिलिक, वेल्डिंगची काच... यातलं काही चालतं का?

तांबटआळी
नमस्कार मंडळी. नाशिकला घराच्या खालच्या खोलीत नावाच्या पाट्या, ट्रॉफीच्या पट्ट्या, लाकडी की-चेन असं काम करतो. मशीन उघड्या फ्रेमचं, निळ्या डायोडचं, १० वॉट, ४५० नॅनोमीटर. सोबत एक हिरवट प्लास्टिकचा चष्मा आला होता. त्यावर ना आकडा, ना कंपनीचं नाव. काडी मोडली म्हणून दोऱ्याने बांधलाय.

आता सिंहस्थ जवळ आल्याने तांब्याचे गडू आणि चांदीच्या वाट्यांवर नावं टाकून मिळतील का, असं विचारत लोक येतात. त्यासाठी सराफ बाजारातल्या एकाच्या भागीत २० वॉटचं फायबर मशीन घ्यायचं चाललंय. धड चष्म्याची चौकशी केली तर दोन्ही लेझरना वेगळा चष्मा लागतो म्हणे, आणि किंमत हजारांत. म्हणून घरात काय आहे ते काढून बसलो: रविवार कारंजावरून आणलेला लाल जिलेटीन कागद, बोर्डाच्या कामातून उरलेला केशरी ॲक्रिलिकचा तुकडा, वेल्डिंगची १० नंबरची काच आणि आईच्या छातीचा जुना एक्स-रे.

जिलेटीनची दुहेरी घडी डोळ्यांसमोर धरून मशीनचा निळा ठिपका पाहिला. पार गायब झाला. मग हेच फ्रेममध्ये बसवून वापरलं तर काय बिघडलं? जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ
रुमाल टाकून ठेवतो. माझ्याकडेही तेच हिरवं ध्यान आहे.

तर्रीबाज
आमच्या ओळखीतला एक जण कितीतरी वर्षं उघड्या डोळ्यांनी हेच काम करतो, त्याला अजून सगळं दिसतं. उधारीची वही तर अंधारातही वाचतो. इतकं घाबरायचं तर मशीन घ्यावंच कशाला? रस्त्यावर जास्त धोका आहे, द्वारका चौक ओलांडून बघा एकदा.

सातपूर_पाळी
आमच्या शॉपमध्ये पत्रा कापायचं फायबर मशीन आहे, पण ते पूर्ण बंद केबिनमध्ये. दार उघडलं की बीम बंद. ऑपरेटर बाहेर, खिडकीला कंपनीने दिलेली खास काच. त्यामुळे चष्म्याचा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. पण वेल्डिंगची काच बरी असावी असं मला वाटतं. आर्कसमोर टिकते ती लेझरसमोर का टिकणार नाही? मास्तर कुठे आहेत?

प्रकाशमास्तर
आलो. जरा लांबण लागेल.

तांबटआळी, ठिपका गायब झाला हे खरंच आहे. लाल जिलेटीन निळा प्रकाश खातं, त्यात नवल नाही. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष घसरतो. डोळा हे मोजमापाचं यंत्र नाही. हजारातला एक भाग पुढे आला काय आणि लाखातला एक आला काय, उजेडाच्या खोलीत तुम्हाला दोन्ही 'गायब'च वाटणार. संरक्षणाच्या भाषेत याला ओडी म्हणतात, ऑप्टिकल डेन्सिटी. ओडी २ म्हणजे शंभरातला एक भाग आत, ओडी ३ म्हणजे हजारातला, ओडी ४ म्हणजे दहा हजारातला. एकेका आकड्याला दहा पटींचा फरक.

तुमच्या मशीनचा हिशोब करू. दृश्य लेझरसाठी १ मिलिवॉट ही वर्ग २ ची (चुकून नजर गेली तरी चालेल अशा लेझरची) मर्यादा, आणि तीही पापणी साधारण पाव सेकंदात मिटते हे धरून. तुमच्याकडे १० वॉट, म्हणजे त्याच्या दहा हजार पट. थेट किरण किंवा चकचकीत धातूवरून उडालेला किरण डोळ्यात गेला तर निदान ओडी ४ हवी. समजा तुमचं जिलेटीन ओडी २ चं निघालं, तर १०० मिलिवॉट आत शिरले. मर्यादेच्या शंभर पट. डोळ्याचं भिंग ते नेत्रपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, एकवटतं, आणि एकवटताना तीव्रता सुमारे एक लाख पट वाढते.

आता उलट बाजू, कारण मला उगाच घाबरवायचं नाही. किरण लाकडावर पडून चहूकडे विखुरतो तो प्रकाश वेगळा. पांढऱ्या खरखरीत पृष्ठभागावर १० वॉटचा ठिपका पडला, तर एक फुटावरून पाहणाऱ्याच्या ७ मिलिमीटर उघड्या बाहुलीत साधारण १.४ मिलिवॉट जातात. हे आकडा म्हणून लहान दिसतं, पण तुम्ही तिथे तासन् तास टक लावून बघत बसता. ओडी २ ने हे शंभर पट कमी होतं. म्हणून निळ्या डायोड मशीनच्या डब्याला केशरी ॲक्रिलिकची खिडकी लावतात ती काही मूर्खपणाची नाही. विखुरलेल्या उजेडासाठी ती उपयोगी आहे. थेट किरणासाठी मात्र नाही, कारण १० वॉटचा एकवटलेला किरण रंगीत ॲक्रिलिक कापतो आणि हे तुम्ही रोज स्वतःच करता.

वेल्डिंगच्या काचेचा नंबर आणि ओडी यांचं सूत्र आहे: नंबरातून १ वजा करा, ३ ने गुणा, ७ ने भागा. १० नंबरला ३.८६ येतात. म्हणजे साधारण सात हजारातला एक भाग पुढे. १० वॉटचे १.४ मिलिवॉट उरतात, १ च्या मर्यादेच्या वरच. ५ नंबर असेल तर ओडी १.७, शंभरातले जवळजवळ दोन भाग आत. आणि हे आकडे सगळ्या दृश्य रंगांची डोळ्याच्या संवेदनेनुसार काढलेली सरासरी आहेत. एकाच तरंगलांबीला ती काच किती सोडते हे नंबर सांगत नाही. शिवाय आर्कची उष्णता पूर्ण काचेवर पसरते, लेझरची सगळी एका टिंबावर येते, तिथे काच तडकू शकते. सातपूर_पाळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे.

आणखी एक, १० नंबरमधून तुम्हाला पाटी दिसणारच नाही. मग मांडणी बघायला काच वर कराल, आणि नेमकं तेव्हाच मशीन चालू असेल.

एक्स-रे तर सोडाच. फुप्फुसाची जागा काळी, बरगडीची पांढरी. कुठल्या भागातून बघणार?

सातपूर_पाळी
वेल्डिंगची काच बाद. पटलं.

चांदीकाम
मी सराफ बाजारात फायबर मार्किंग करतो, म्हणून या दुसऱ्या मशीनवर बोलतो. तांबटआळी, निळ्याचा अनुभव फायबरला लावू नका. तिथे किरण दिसतच नाही. १०६४ नॅनोमीटर, अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड. जो लाल ठिपका चौकट दाखवायला फिरतो तो वेगळा, कमी ताकदीचा दिशादर्शक दिवा. आमच्याकडे नवीन आलेला पोरगा 'लाल दिसतोय म्हणजे लाल अडवणारा चष्मा' असं समजून भलताच चष्मा घालून बसला होता. खरं काम करणारा किरण त्याच वाटेने येतो, पण तो कोणालाच दिसत नाही.

आणि चांदीची वाटी म्हणजे आरसाच. तोही वाकडा. किरण कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. गडूचा गळा फिरवताना तर जास्तच.

प्रकाशमास्तर
चांदीकाम, नेमकं बोललात. थोडी भर घालतो. २० वॉटचं मशीन २० किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला वीस हजार स्पंदांनी, चालवलं तर एका स्पंदात १ मिलिज्यूल ऊर्जा असते आणि स्पंद नॅनोसेकंदांचा. डोळ्याची सुरक्षित मर्यादा इथे काही मायक्रोज्यूलच्या घरात येते. म्हणजे एकच स्पंद मर्यादेच्या शेकडो पट. पापणी मिटायचा प्रश्नच नाही, काही दिसलेलंच नसतं. ४०० ते १४०० नॅनोमीटर या पट्ट्यातलं सगळं डोळ्याचं भिंग थेट नेत्रपटलावर नेतं, दिसो वा न दिसो.

आता रंगीत कागदाची खरी गोची. जिलेटीनमधले रंग दृश्य प्रकाश अडवायला बनवलेले असतात, अवरक्त त्यांच्यातून बिनदिक्कत जातो. हौशी छायाचित्रकार रंगमंचाचं लाल आणि गडद निळं जिलेटीन एकावर एक ठेवून अवरक्त फोटोंचा स्वस्त फिल्टर करतात. डोळ्याला काळाकुट्ट, कॅमेऱ्याला स्वच्छ. दादासाहेब फाळक्यांच्या जिल्ह्यात हे कोणाला तरी माहीत असेलच.

लेझर न लावता घरीच बघा. टीव्हीच्या रिमोटचा दिवा बहुतेक ९४० नॅनोमीटरचा असतो, १०६४ च्या शेजारपाजारचा. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं बटण दाबा, पांढरट-जांभळा ठिपका लुकलुकताना दिसेल. मग मध्ये तुमचे एकेक फिल्टर धरा. ठिपका दिसला तर तो फिल्टर फायबरसाठी बाद. नाही दिसला तर 'पास' असं मात्र समजू नका. ही नापास करायची चाचणी आहे, पास करायची नाही.

तर्रीबाज
रिमोटची युक्ती भारी. पण माझा मुद्दा तसाच उरतो: तो माणूस अजून बघतोय.

नेत्रपटल
मी डोळ्यांची डॉक्टर आहे, पडद्याचंच काम करते. तर्रीबाज, तुमच्या ओळखीच्यांना एकदा एकेक डोळा झाकून दरवाजाच्या चौकटीकडे बघायला सांगा. एका डोळ्यात मधोमध डाग असेल तर दुसरा डोळा तो झाकून नेतो आणि माणसाला कळत नाही. नेत्रपटलाला वेदनेच्या नसा नसतात. भाजलं तरी दुखत नाही, म्हणूनच 'मला काही झालं नाही' या वाक्यावर माझा विश्वास नाही.

लक्षणं सांगते: मध्यभागी धूसर किंवा काळा ठिपका, सरळ रेघा वाकड्या दिसणं, वाचताना मधली अक्षरं गळणं. मॅक्युलावर, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागावर, भाजलं तर तिथे छिद्रही पडू शकतं. छिद्रावर शस्त्रक्रिया करता येते, भाजलेल्या पेशी मात्र परत उगवत नाहीत, चष्म्याचा नंबर बदलूनही उपयोग नाही. ओसीटी तपासणीत (त्यात पडद्याच्या थरांचं चित्र मिळतं) जखम कोणत्या थरात आहे ते कळतं. शंका आली तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरकडे जा, आणि लेझरची तरंगलांबी व वॉट लिहून न्या. आमचं अर्धं काम त्यानेच होतं. गुलाबपाणी, मध, दुधाची घडी यात वेळ घालवू नका.

२०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर आपल्या नाशिकमध्येच पडदा भाजलेल्या तरुणांच्या बातम्या आल्या होत्या. ती पोरं काही मशीनवर काम करणारी नव्हती, नाचत होती.

मंडपवाला
डॉक्टर, त्या मिरवणुकीवरून आठवलं. माझा लाइटचा धंदा आहे म्हणून विचारतो. वाकडी बारवेपासून रामकुंडापर्यंत आमची माणसं गाडीवरच असतात. लोक म्हणतात गॉगल घाला. चालेल का?

प्रकाशमास्तर
नाही. साधा गॉगल शंभरातले दहा-वीस भाग आत सोडतो, ओडी एकच्या आसपास. त्याच्या सावलीत बाहुली आणखी उघडते. शोच्या लेझरमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन स्रोत असतात, त्यामुळे एका रंगाची काच सगळ्यांना पुरणार नाही, आणि तिन्ही पुरेसे अडवणारी काच घातली तर रात्री गाडीची पायरी दिसणार नाही. तुमच्या दिव्यात दोन छोटे आरसे भरभर हलून किरण फिरवतात. किरण फिरत असतो तोवर डोळ्यावर क्षणभरच पडतो. आरसा अडकला की सगळी ताकद एका जागी. उपाय चष्म्यात नाही. किरण माणसांच्या डोक्यावरून जाईल असा दिवा बांधा, खाली वळू नये म्हणून पट्टी मारा, आणि परवानगी आहे का ते आधी पोलिसांना विचारा. पुण्यात २०२४ च्या गणेशोत्सवात पोलिसांनी लेझरवर बंदीच घातली होती.

अनामिका_गंगापूररोड
माझाही एक प्रश्न, धागा भरकटवायचा नाही. मुलाने जत्रेतून हिरवा पॉइंटर आणलाय, त्यावर ५ मिलिवॉट लिहिलंय. तारे दाखवायला वापरतो. लाल चष्मा घालून खेळला तर?

प्रकाशमास्तर
ताई, त्यावर लिहिलेलं मानू नका. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासले, त्यातले जवळपास ९० टक्के हिरवे आणि ४४ टक्के लाल नियमात बसले नाहीत. हिरव्याची आणखी एक खोड आहे. त्यात आधी ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो, त्यापासून १०६४ होतो, मग स्फटिकातून निम्मा होऊन ५३२ चा हिरवा. स्वस्त पॉइंटरमध्ये उरलेला अवरक्त अडवणारा फिल्टर कधी कधी नसतोच. लाल चष्मा हिरवा खाईल आणि अवरक्त सोडेल. मुलगा 'आता काही दिसत नाही' म्हणून नळीत डोकावेल, ते सगळ्यात वाईट. पॉइंटर काढून घ्या. तारे दाखवायला लागलाच तर मोठ्यांच्या हातात, आणि ओझरच्या विमानांच्या दिशेने अजिबात नाही.

अनामिका_गंगापूररोड
काढून घेतला. रुसलाय. चालेल.

कुंभारवाडा
पण माझ्या मित्राच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझर मशीनला साधं पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण आहे, कंपनीनेच दिलेलं. मग पारदर्शक चालतं की नाही?

प्रकाशमास्तर
हाच घोळ सगळीकडे आहे. सीओटू लेझर १०.६ मायक्रोमीटरचा. तो ॲक्रिलिकमधून, पॉलिकार्बोनेटमधून, साध्या काचेतूनही आरपार जात नाही. तिथे पारदर्शक झाकण योग्यच. डोळ्यातही तो बुबुळाच्या पुढच्या भागातच शोषला जातो, पडद्यापर्यंत जात नाही, म्हणून तिथे जखम कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला. तेच झाकण बघून लोक निळ्या डायोडला आणि फायबरला पारदर्शक ॲक्रिलिक लावतात. त्या दोघांसाठी ते उघड्या खिडकीसारखं.

(अवांतर: कोणत्याही मशीनवर रेक्झिन जाळू नका. त्यात पीव्हीसी असतं, हायड्रोजन क्लोराइड सुटतो. फुप्फुसंही खराब, मशीनही गंजतं.)

तांबटआळी
रिमोटची चाचणी केली. लाल जिलेटीनच्या दुहेरी घडीतून रिमोटचा ठिपका जसाच्या तसा. चार पदरी केली, तरी लुकलुक चालू. केशरी ॲक्रिलिकमधून तर मध्ये काही धरलंय असंच वाटेना. मग मशीनबरोबर आलेला तो हिरवा चष्मा धरला. आमची ही बाजूला उभी होती, म्हणाली, 'हे घालून तुम्ही फायबर चालवणार होता?' मी गप्प.

दुसरं, जिलेटीनचा तुकडा निळ्या मशीनखाली ठेवून, झाकण म्हणून वर पत्रा आडवा लावून, अगदी कमी ताकदीवर एक रेघ चालवली. कागद आधी सुरकुतला, मग रेघेच्या सुरुवातीला तांबूस कडेचं बारीक भोक, पुढे भोकांची माळ. खाली ठेवलेल्या पांढऱ्या कार्डावर तीच रेघ उमटली.

आता विकतच्या चष्म्यावर काय बघायचं तेवढं सांगा. रंग बघून घ्यायचा नाही हे कळलं.

प्रकाशमास्तर
चष्म्यावरच तरंगलांबीचा पट्टा आणि ओडी कोरलेली किंवा छापलेली हवी, खोक्यावर नुसती नको. युरोपीय ईएन २०७ ची खूण असेल तर उत्तम. त्यात आकड्यांपुढे डी, आय, आर, एम यांपैकी अक्षर असतं. डी म्हणजे सलग चालणारा लेझर, आर म्हणजे नॅनोसेकंद स्पंदांचा. तुमच्या निळ्याला ४५० च्या पट्ट्यात डी हवा, फायबरला १०६४ च्या पट्ट्यात आर. मग एलबी आणि आकडा. ती श्रेणी नुसतं किती अडवतो एवढंच नाही, तर किरण काही सेकंद अंगावर घेऊन काच टिकते का हेही तपासून दिलेली असते. घरगुती जुगाडात नेमकं हेच कोणी तपासलेलं नसतं. आणि कडेने उजेड आत येणारा चष्मा घेऊ नका, नंबरचा चष्मा असेल तर वरून बसणारा घ्या.

तरीही चष्मा हा शेवटचा आडोसा. आधी डबा करा.

सातपूर_पाळी
डब्याचं मी सांगतो. अंबडला कोणीही पत्रा वाकवून देईल, सव्वा मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा पुरे. आतून चकाकी नको, काळा मॅट रंग. दाराला लिमिट स्विच (दार उघडलं की वीज तोडणारा) लावून तो लेझरच्या सप्लायमध्येच घ्या, नुसता सॉफ्टवेअरला सिग्नल देऊ नका. सांधे एकावर एक चढवा, फटीतून सरळ रेषेत बाहेर दिसता कामा नये. एक्झॉस्टचं तोंड वळणाचं ठेवा. खिडकी करूच नका, आत असेल त्या किमतीचा वेबकॅम बसवा. किरण लागला तर कॅमेरा मरेल, बदलता येतो.

तर्रीबाज
ओळखीच्याला एक डोळा झाकून चौकट बघायला लावली. उजव्याने म्हणतो नीट आहे. डाव्याने म्हणतो, 'बिजागरीच्या जागी चौकट जरा फुगलीय का रे?' डॉक्टर, वेळ कशी घ्यायची? व्यनि (खाजगी निरोप) करतो.

नेत्रपटल
करा, आजच. तोवर त्यांनी मशीन चालवायचं नाही. आणि दोन्ही डोळे तपासायला या म्हणावं, फक्त डावा नाही.

तांबटआळी
निळ्यासाठी डबा वाकवायला टाकला, चष्मा डी खुणेचा मागवला. फायबरचं भागीदाराला सांगितलं: डब्याशिवाय मशीन नको, नाहीतर मी नाही. तो म्हणतो डब्यात भांडं फिरवायची रोटरी बसेल पण मोठा कलश बसणार नाही, उंची कमी पडते. चांदीकाम, तुम्ही कलशाचं कसं करता?

चांदीकाम
कलश आडवा घालतो. लेन्सपासून अंतर मोजून डब्याची उंची ठरवा, नंतर वाढवता येत नाही. शनिवारी दुपारी दुकानात या, टेप घेऊन.